मोटारींतील खर्ज

गाण्याची आवड असलेल्या घरांत ‘खर्ज’ या शब्दाची महती सांगावयास नको. पहांटे उठून खर्ज भरणें हा शिष्याचा पहिला धडा, आणि तंबोऱ्याची शेवटची तार ही खर्जाची. इंग्रजींत ज्यास ‘बेस’ म्हणतात आणि ज्याच्या हौसेपायीं आजची तरुण मंडळी मोटारीच्या डिकींत भलें मोठें खोकें बसवूं पाहतात, तो बहुतांशीं हाच खर्ज होय. नांव बदललें म्हणून वडील मंडळी त्यास ओळखीनाशी झाली आहेत, एवढेंच.

हें सुचण्यास निमित्त झालें तें खर्डा येथील आमच्या एका वाचक भगिनींच्या पत्राचें. जामखेड तालुक्यांतील हें गांव इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांची प्रसिद्ध लढाई येथेंच झाली. ‘सध्यां मात्र लढाई आमच्या घरांत चालू आहे,’ असें भगिनी लिहितात. घरीं सात आसनांची मोटार आहे. मामंजींस दरमहा तपासणीसाठीं अहिल्यानगरास न्यावें लागतें. धाकटे भाऊजी पुण्यास नोकरीस असून शनिवारीं-रविवारीं घरीं येतात व गाडी तेच चालवितात. त्यांचें म्हणणें असें कीं, कारखान्यानें बसवून दिलेल्या स्पीकरांतून नव्या गाण्यांतील ठोका मुळीं ऐकूंच येत नाहीं. सबब डिकींत बारा इंची सबवूफर बसवावा. मामंजी म्हणतात, ‘मला आधींच कमी ऐकूं येतें. ही धडधड सुरू झाली कीं तुमचें एक अक्षर मला कळणार नाहीं. जातां-येतां चार-पांच तास मी मुक्यासारखा बसूं काय?’ सासूबाईंचा प्रश्न निराळाच: डिकी खोक्यानें भरल्यावर सामान ठेवावयाचें कोठें? आणि पत्राच्या शेवटीं भगिनींनीं विचारलें आहे कीं, तिघांपैकीं बरोबर कोण?

आमच्या मतें तिघेंही बरोबर आहेत. भाऊजींस हवा तो खर्ज आणि मामंजींस नको ती धडधड या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत; दुकानदार मात्र दोन्ही एकाच खोक्यांत घालून विकतो, म्हणून घरांत तंटा होतो.

प्रथम कारखान्याची बाजू ऐकूं. गाडीच्या पुढील दारांत बहुधा साडेसहा इंची स्पीकर असतो. खालचा स्वर काढावयाचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. सेकंदास ८० कंपनांचा स्वर जितका मोठा ऐकूं येतो, तितक्याच जोरानें ४० कंपनांचा स्वर काढण्यास त्याच स्पीकरच्या पडद्यास चौपट अंतर पुढें-मागें सरकावें लागतें, आणि दारांतील स्वस्त स्पीकरचा पडदा फार तर कांहीं मिलिमीटर सरकूं शकतो. दुसरी अडचण दाराचीच आहे. पडदा पुढें सरला कीं पुढची हवा दाबली जाते व त्याच क्षणीं मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींस भेटल्या म्हणजे खर्जाच्या बाबतींत एकमेकींस मारतात. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओस लांकडाचें ऐसपैस घर असे तें केवळ दिवाणखान्याच्या शोभेसाठीं नव्हे. पुढच्या-मागच्या लहरींची भेट लांबविण्यासाठींही तें होतें. मोटारीच्या दारास आंतून खिडकीच्या यंत्रासाठीं मोठमोठीं भोकें पाडलेलीं असतात आणि त्यांवर एक पातळ प्लास्टिक चिकटविलेलें असतें. अशा गळक्या घागरींत खर्ज कसा साठावा?

तिसरी अडचण शक्तीची. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असतां हा आंकडा १४ च्या आसपास जातो. एवढ्यावर चालणारा, यंत्राच्या पोटांतलाच साधा ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरास प्रामाणिकपणें अठरा-वीस वॅटच देऊं शकतो, मग खोक्यावर ‘५० × ४’ असें कितीही ठळक छापलेलें असो. ज्यांनीं १९९० च्या दशकांत ‘पी.एम.पी.ओ.’चे शेंकडों वॅट वाचून टेपरेकॉर्डर विकत घेतले, त्यांस हें अंकगणित परिचयाचें आहे. विचारावयाचा आंकडा ‘आर.एम.एस.’चा, बाकीचे आंकडे शोभेचे. आतां कोणी ‘बेस’ची कळ दहा डेसिबल वर नेली, तर त्या स्वरांपुरती दसपट शक्ति लागते. ती नसते. मग आवाज मोठा न होतां फाटतो, आणि तसाच फाटका चालू ठेवला तर स्पीकरमधील तारेचें वेटोळें जळूनही जातें.

येथपर्यंत यंत्राचें झालें. परंतु या तंट्याचें खरें मूळ माणसाच्या कानांत आहे. १९३३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, आवाज लहान असतांना आपला कान खालच्या स्वरांस विशेषच बधिर असतो. आजच्या प्रमाणित मापांप्रमाणें हजार कंपनांचा स्वर ४० डेसिबलांवर जितका मोठा वाटतो, तितकाच ५० कंपनांचा स्वर वाटावा म्हणून त्यास आणखी तीसाहून अधिक डेसिबल द्यावे लागतात. म्हणजे गाणें हळू लावलें कीं सर्वांत आधीं खर्ज नाहींसा होतो. त्यांत रस्त्यावर टायरांची घरघर व इंजिनाची गुरगुर असते, आणि तीही खालच्याच स्वरांची. उरलासुरला खर्ज ती गिळून टाकते. चालविणाऱ्यास वाटतें, आवाज कमी आहे. तो सगळाच आवाज वाढवितो. खर्ज त्यानें थोडासाच वाढतो. गाणारीचा आवाज, झांजा, व्हायोलिनें मात्र कानाशीं येऊन ओरडूं लागतात. मामंजींस आजच जो त्रास होत असेल तो बहुधा खर्जाच्या अभावामुळेंच होत आहे, हें वाचून त्यांस नवल वाटेल.

मग मामंजींस स्वतःस त्याचा अभाव जाणवत कां नाहीं? याचेंही उत्तर मनोरंजक आहे. काळी एक या पट्टींत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ कंपनांचा. दारांतील स्पीकर तीं ६९ कंपनें जेमतेमच काढतो. परंतु त्या तारेंत १३८, २०७ असे वरचे सहस्वर मुबलक असतात. ते ऐकूं आले कीं खालचा मूळ स्वर मेंदु आपल्या पदरचा भरून काढतो. म्हणून ज्यांचें आयुष्य तंबोरा व पेटी ऐकण्यांत गेलें, त्यांस लहानशा स्पीकरवरही गाणें पुरें वाटतें. नव्या गाण्यांतील ठोका तसा नसतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ कंपनांची. यंत्रांतून काढलेले ठोके कित्येकदां त्याच टापूंत असतात, आणि त्यांत सहस्वर थोडे. तेथें मेंदूस भरून काढावयास कांहीं आधार मिळत नाहीं. तेव्हां ‘यांस गाणें कळत नाहीं’ असें मामंजींनीं म्हणूं नये, आणि ‘यांस ऐकूं येत नाहीं’ असें भाऊजींनीं. दोघेंही आपापल्या संगीताबद्दल खरेंच सांगत आहेत.

मामंजींचें गाऱ्हाणें मात्र याहून गंभीर आहे, व आमचा मुख्य मुद्दा तोच. उतारवयांत कान मंदावतो तो वरच्या स्वरांकडून. बोलण्यांतील स्वर—अ, आ, ओ—हे खालच्या व मधल्या टापूंत असतात. स, श, फ, त, क यांची ओळख पटविणारा बारीक आवाज वरच्या टापूंत. म्हणून वृद्ध माणसास कोणी बोलत आहे हें ऐकूं येतें, परंतु काय बोलत आहे हें कळत नाहीं. घरांतील तरुण समजतात, म्हातारा लक्ष देत नाहीं. त्यांत आणखी एक निसर्गनियम असा कीं, मोठा खालचा स्वर हा वरच्या बारीक स्वरांस सहज झांकून टाकतो. उलट झांकणें त्या मानानें फारच थोडें. घुमणाऱ्या खोक्याशेजारीं बसलेल्या ज्येष्ठास उरलींसुरलीं व्यंजनेंही लोपून जातात. गाडी म्हणजे एकत्र कुटुंबाची चालती ओसरी आहे. आठवडाभर पांगलेलीं माणसें तींत चार तास एकत्र बसतात. तेथून घरांतल्या सर्वांत वडील माणसास बाहेर काढणारी ध्वनिव्यवस्था, मग ती कितीही किंमतीची असो, वाईटच म्हटली पाहिजे.

मुलांच्या कानांचाही विचार याच ओघांत करावा. कामाच्या ठिकाणीं ८५ डेसिबलांत आठ तास, ही अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेनें सुचविलेली मर्यादा. आणि पुढें दर तीन डेसिबलांस हा वेळ निम्मा करावयाचा. ९४ डेसिबलांस एकच तास उरतो. या मापनांत खालच्या स्वरांस वजन कमी दिलेलें असतें, म्हणजे नुसता खर्ज त्या मानानें सौम्य आहे. कान बिघडवितो तो खर्जाच्या शोधांत वाढविलेला सगळा आवाज. खालचा स्वर निराळ्या, समर्थ यंत्राकडून मिळाला तर एकंदर आवाज उतरवितां येतो. भाऊजींच्या मागणीस आमचा पाठिंबा आहे तो एवढ्याच कारणासाठीं व एवढ्याच अटीवर.

बारा इंची खोकें मात्र नको. सासूबाईंचें सामान हें एक कारण झालें. दुसरें शास्त्राचें आहे. ५० कंपनांच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर, म्हणजे गाडीच्या आंतल्या लांबीहून कितीतरी अधिक. अशा वेळीं बंद काचांच्या गाडींत लहर फिरत नाहीं. आंतली हवाच एकसारखी दाबली-सोडली जाते, आणि स्वर जसजसा खालीं जावा तसतशी ही मदत वाढते. दिवाणखान्यास जें यंत्र अपुरें पडेल तें गाडीस पुष्कळ होतें. कारखान्यांनाही हें कळतें. वंगदेशांतून क्रांतिकार्यामुळें अमेरिकेस गेलेल्या पित्याचे चिरंजीव अमर बोस यांनीं जनरल मोटर्सबरोबर काम करून १९८३ च्या मोटारींत गाडीच्या आंतील जागा मोजून, तिला साजेल अशी ध्वनिव्यवस्था कारखान्यांतूनच बसवून दिली. तात्पर्य, मोठें खोकें हा कल्पकतेचा अभाव आहे.

आतां खर्च करण्यापूर्वीं एक फुकटची परीक्षा. काचा बंद करून खर्जाचें गाणें लावावें व ‘बॅलन्स’ची कळ अगदीं डावीकडे, मग अगदीं उजवीकडे न्यावी. एकच बाजू वाजतांना खर्ज वाढला आणि दोन्ही बाजू वाजतांना कमी झाला, तर एका दाराच्या स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या आहेत असें समजावें. एकाचा पडदा पुढें जातो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो, व दोघे मिळून खर्ज मारतात. आमच्या एका स्नेह्यांनीं नवे स्पीकर बसविल्यावर आवाज पूर्वींहून पातळ झाला म्हणून दुकानांत तीन खेपा घातल्या. तेथें त्यांस आणखी महाग स्पीकर दाखविण्यांत आले. दोष दोन तारांचा होता, आणि तो निघावयास दहा मिनिटें पुरलीं.

ही परीक्षा उत्तीर्ण झाली तर दाराकडे वळावें. पुढच्या दोन दारांचें आंतलें आवरण काढवून पत्र्यावर डांबरी घडणीचें, शक्य तर ब्यूटिल रबराचें डॅम्पिंग शीट चिकटवावें व आंतील पत्र्याचीं भोकें नीट झांकावींत. स्पीकरच्या कडेस फट राहूं देऊं नये. कित्येक गाड्यांत एवढ्यानेंच खर्ज सुधारतो, दार लावतांना डब्यासारखा आवाज येतो तो जातो, आणि रस्त्याची घरघरही थोडी कमी होते. म्हणजे मामंजींस बोलणें ऐकूं येण्यास यंत्राविनाच मदत होते. आमचा भाऊजींस आग्रहाचा सल्ला आहे कीं, इतकें करून महिनाभर थांबावें. पुष्कळांची हौस येथेंच फिटते.

न फिटल्यास पुढील आसनाखालीं बसणारा, ॲम्प्लिफायर पोटांत असलेला आठ इंची चपटा सबवूफर घ्यावा. घेण्यापूर्वीं आसनाखालची उंची फूटपट्टीनें मोजावी व आसन पुढें-मागें सरकवून पाहावें. कांहीं गाड्यांत तेथें जॅक, हवेची नळी किंवा अन्य वस्तु असते. कारखान्याच्या यंत्रास निराळी जोडणी बहुधा नसते, म्हणून स्पीकरच्या तारांवरूनच संदेश घेणारा नमुना मागावा, आणि तारा न कापतां कपलरनें जोडून द्यावयास सांगावें. तारा कापल्यास गाडीच्या हमीबद्दल पुढें वाद निघूं शकतो. पिवळ्या वेष्टनांतील वायरिंग हें हवेच्या पिशव्यांचें असतें. त्यास कोणी हात लावूं नये.

शक्तीची जाड तार थेट बॅटरीकडून येते. तिच्यावर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंतच फ्यूज असला पाहिजे, आणि पत्र्यांतून आरपार जातांना तिला रबरी बूच हवें. दुकानदार घाईंत असतो. हीं दोन ठिकाणें उघडून दाखविल्याशिवाय पैसे देऊं नयेत. धार लागून तार उघडी पडली आणि फ्यूज नसला तर बॅटरीची सगळी शक्ति त्या ठिणगींत उतरते, व पुढें काय होतें तें सांगावयास नको. यंत्र पट्ट्यांनीं वा स्क्रूंनीं जखडलेलें असावें. गाडी एकाएकीं थांबली तर सुटें जड खोकें पुढें फेंकलें जातें. डिकींतील मोकळ्या खोक्यांस आमचा विरोध आहे त्याचें हेंही एक कारण.

बसविल्यावर खरी कसोटी जुळवणीची. सबवूफरची मर्यादा ८० कंपनांच्या आसपास ठेवावी. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वरही बहुधा शंभराच्या वर असतो. मर्यादा १५० वर नेली कीं निवेदकाचा आवाज आसनाखालून येऊं लागतो आणि सगळेंच भसाडें होतें. ०–१८० ची एक कळ असते. ती दोन्हीकडे फिरवून ज्या बाजूस खर्ज भरदार वाटेल तेथें ठेवावी. मग ओळखीचें गाणें लावून सबवूफर अगदीं शून्यावरून हळूहळू वाढवावा, आणि तो वाजत आहे असें कळूं लागतांच किंचित् मागें घ्यावा. बंद केल्यावर उणीव भासावी, चालू असतां निराळा ऐकूं येऊं नये. ही जुळवणी भाऊजींनीं एकट्यानें, चालकाच्या आसनावर बसून करूं नये. मामंजी मधल्या आसनावर, सासूबाई व मुलें मागें, गाडी जामखेडच्या रस्त्यावर नेहमींच्या वेगांत, आणि कोणीतरी सहज बोलत आहे. अशा स्थितींत मामंजींस शब्द कळले तर जुळवणी बरोबर. बहुतेक सबवूफरांबरोबर आवाज कमी-जास्त करण्याची लांब तारेची एक कळ मिळते. तिची तार लांबवून घेऊन ती कळ मामंजींच्या हाताशीं बसवावी, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. भाऊजी यावर रागावले तर भगिनींनीं आमचें नांव सांगावें.

मामंजींच्या जुन्या ठेव्याबद्दलही दोन शब्द. १९२५ पूर्वीं तबकड्या भोंग्यासमोर गाऊन भरल्या जात, विजेचा संबंध नसे. त्या ध्वनिमुद्रणांत खालचे स्वर उमटतच नसत. त्या काळचें नाट्यसंगीत आज भ्रमणध्वनींतून गाडींत लावलें तर सबवूफर त्यांत खर्ज आणूं शकणार नाहीं. जें कोरलेंच गेलें नाहीं तें येणार कोठून? उलट तबकडी फिरण्याची घरघर तेवढी मोठी होईल. अशा गाण्यांच्या वेळीं ती हातची कळ शून्यावर नेणें हेंच शहाणपण.

गाडी दारांत उभी असतांनाचाही एक शिष्टाचार आहे. १७९५ च्या त्या लढाईंतील तोफांची गोष्ट निघाली कीं दूरवर गेलेल्या आवाजाचें वर्णन येतें. त्याचें कारण हेंच कीं, खालचा स्वर हवेंत फारच थोडा विरतो व भिंतींतून पलीकडे जातो. गाडींतल्यास गाणें ऐकूं येतें, शेजाऱ्यास मात्र नुसते ठोके. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं दहा ते सकाळीं सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खाजगी ध्वनियंत्रानें आपल्या हद्दीवर त्यांत पांचाहून अधिक भर घालूं नये असें बंधन आहे. खर्ड्यासारख्या गांवांत रात्रीं पुण्याहून येणाऱ्या भाऊजींनीं वेशींतच यंत्र बंद करावें हें बरें. परीक्षेच्या दिवसांत शेजारचीं मुलें अभ्यासास बसलेलीं असतात.

शेवटीं एक बारीक गोष्ट, जी दुकानांत हमखास विसरली जाते. दारांना डॅम्पिंग शीट लावतांना दाराच्या तळाशीं असलेलीं लहान भोकें बुजवूं देऊं नयेत. काचेवरून आंत उतरलेलें पावसाचें पाणी त्यांतूनच बाहेर पडतें. तीं बंद झालीं तर एका पावसाळ्यांत दार आंतून गंजतें आणि नवा स्पीकरही पाण्यांत बसतो. काम झाल्यावर दारावर तांब्याभर पाणी ओतून तें खालून गळतें कीं नाहीं तें पाहावें.

पुढील अंकीं, वाड्यांतील जुन्या विजेच्या वायरिंगबद्दल आलेल्या दोन पत्रांचा परामर्श घेऊं.